हरकत नसलेला बाप

मुलांवर प्रेम असल्याचा दाखला आपल्याकडे कोणतेही कार्यालय मागत नाही. मागतात तो हरकत नसल्याचा. प्रेम हा भावपदार्थ आहे, आणि भावपदार्थ टंकलिखित करून त्यावर तिकीट चिकटवण्याची सोय बहुधा अजून झालेली नाही. हरकतीचा अभाव मात्र चिकटवता येतो, साक्षांकित करता येतो आणि त्याच्या तीन प्रती काढता येतात. मी तुमसरच्या एका महाविद्यालयात संस्कृत शिकवून निवृत्त झालो. त्यातही न्यायशास्त्र, आणि त्यातही 'अभाव' हा पदार्थ, हा माझा विशेष विषय. नसणे हेही असण्याइतकेच डोळ्यांना प्रत्यक्ष दिसते, 'भुईवर घट नाही' हे आपण पाहतो, तर्काने काढत नाही, हे मी दरवर्षी वर्गाला समजावून सांगत असे. वर्ग म्हणजे कधी तीन विद्यार्थी, कधी दोन. पाऊस असला तर प्रात्यक्षिक आपोआपच होई.

खुशबूची गोष्ट सांगायची तर एवढी शास्त्रीय प्रस्तावना आवश्यक आहे.

खुशबू दहावीत आहे आणि थ्रोबॉल खेळते. चेंडू आपल्या बाजूला पडू नये म्हणून तो सतत पलीकडच्यांकडे ढकलत राहायचे, असा हा खेळ आहे; शासकीय पत्रव्यवहार पाहिलेल्या माणसाला त्यात नवे काही वाटणार नाही. ती आमच्या मागच्या भिंतीवर चेंडू आपटत सराव करते. त्या ठपठपीत मी माझे निवृत्तीनंतरचे लेखन केले, आणि मुळीच तक्रार केली नाही. माझ्या अभावविषयक निबंधाला नागपूरच्या पुढे कोणी बोलावले नाही. हिला मलेशियाने बोलावले. सतरा वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा होती; संघात विदर्भातल्या दोनच मुली, आणि त्यांतली एक आमची.

आता 'आमची' या शब्दाकडे येतो. सगळा अनर्थ तिथूनच सुरू झाला.

क्रीडाशिक्षिका स्वाती मॅडम पत्र घेऊन घरी आल्या. "सर, साधं काम आहे. मुलगी सज्ञान नाही, आईवडील सोबत नाहीत, म्हणून दोघांची संमती पाहिजे. नोटरी करून. येत्या शुक्रवारपर्यंत."

"द्या," मी पेन उघडत म्हणालो. "सही करतो."

मॅडमनी माझ्या पत्नीकडे, कौशल्येकडे पाहिले. कौशल्येने चिवड्याच्या बशीकडे पाहिले. चिवड्याने कोणाकडे पाहावे हे न सुचून तो तसाच राहिला.

"नावं पासपोर्टमध्ये आहेत तीच पाहिजेत, सर," मॅडम हळूच म्हणाल्या.

पासपोर्ट मी तोवर पाहिला नव्हता. गेल्या वर्षी मी एका चर्चासत्रात अध्यक्षस्थान भूषवीत असताना कौशल्येने तो नागपूरला जाऊन करवून घेतला होता. शेवटच्या पानावर वडिलांचे नाव होते: भैय्यालाल. आईचे: रत्नाबाई.

"तुमाले वाईट वाटलं असतं म्हनून सांगतलं नाई," कौशल्या म्हणाली.

पासपोर्ट बरोबर होता, हे आधी नोंदवतो. खुशबू माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भैय्यालाल एकोडीला शेती करतो. त्याला आधीची दोन मुले होती, आम्हाला एकही नव्हते. खुशबूचे उष्टावण झाले त्याच दिवशी रत्नाबाईने तिला कौशल्येच्या ओटीत घातले, पदर डोळ्यांना लावला आणि ती भात वाढायला आत निघून गेली. झाले एवढेच. भावाकडून पोर घेताना कागद मागायचा नसतो. कागद मागणे म्हणजे 'तू हिला उद्या परत नेशील' असे त्याच्या तोंडावर म्हणणे. आमच्याकडे जमिनीच्या धुऱ्यासाठी, म्हणजे वीतभर बांधासाठी, भाऊ भावाला कोर्टात ओढतो, पण पोरासाठी कागद मागत नाही. एवढी सभ्यता अजून शिल्लक आहे. तेव्हापासून खुशबू मला 'बाबा' म्हणते, भैय्यालालला 'काकाजी'. हे सगळ्या तुमसरला ठाऊक आहे. शाळेत नाव घालताना मुख्याध्यापक माझेच जुने विद्यार्थी निघाले. त्यांनी वडिलांच्या रकान्यात 'घनश्याम' असे न विचारताच लिहिले. मी खोटे बोललो नाही. मला विचारलेच गेले नाही. आदराचा हा एक ज्ञात दोष आहे.

आणि ही मुलगी कोपऱ्यावरच्या दुकानातून पेन्सिल आणायची असली तरी उंबऱ्यावर थांबून विचारते, "बाबा, जाऊ?" मी पुस्तकातून मान वर करून हलवली की मगच तिचे पाऊल बाहेर पडते. इतकी शिस्तशीर संमतीची पद्धत ज्या घरात वर्षानुवर्षे विनातिकीट चालू होती, त्या घरच्या कर्त्या पुरुषाला आता सांगण्यात येत होते की त्याच्या हरकतीचा अभावसुद्धा कोणाला नको आहे.

"काकाजींची सही घ्या, झालं," मॅडम उठत म्हणाल्या. "शाळेच्या यादीतलं नाव मी दुरुस्त करून घेते."

खरोखरच तेवढ्यावर झाले असते. ही गोष्ट इथेच संपली असती, आणि ती सांगावी असे मलाही वाटले नसते.

"नाही," मी म्हणालो. "जे आहे ते सगळे लिहू. सत्य लिहिण्यात संकोच कसला?"

कौशल्येने कपाळाला हात लावला. मागच्या भिंतीवर चेंडू ठपठप वाजत होता.

भैय्यालालला निरोप गेला आणि दुसऱ्या सकाळी तो नव्या तांदळाचे पोते घेऊन पहिल्या एसटीने हजर झाला. त्याच्या धानाची कापणी चालू होती. तो चहा फुंकत बसला असतानाच आमचे शेजारी चंदन कंपाउंडवरून डोकावले. चंदन राइस मिलमधून मुनीम म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांच्या मेहुणीचा मुलगा दुबईला वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करतो, त्यामुळे परराष्ट्र व्यवहार हा विषय आमच्या गल्लीत त्यांच्याकडे आहे.

"कायले एवढा विचार करता जी सर?" ते फाटक उघडून आत येत म्हणाले. "सोपं हाये. भैय्यालालले कागदावर मेला म्हनून दाखवा. बाप मेला का एकाच सहीवर काम होते. आमच्या पोराच्या टायमाले असंच एकानं केलं होतं."

"हा इथे जिवंत बसला आहे," मी म्हणालो.

"कागदावर म्हनतो न मी. असा कुठं मारून राहिलो?"

भैय्यालालने कप खाली ठेवला. "मी मरतो जी दादा, माही काई ना नाई. पन धान घरी येऊ द्या. कडपा पडून हाये बांधीत."

तो हे विनोदाने म्हणाला नव्हता. माझ्या भावाला विनोद करता येत नाही. तो सांगितलेले काम करतो. 'कडपा' म्हणजे कापून वाळण्यासाठी शेतात पसरून ठेवलेले धान. ते पडलेले असताना शेतकरी आकाशाकडे पाहत असतो, मलेशियाकडे नाही. हे मला कळायला हवे होते. मी त्या वेळी निवेदनाच्या पहिल्या वाक्याचा विचार करीत होतो.

चंदनने दुसरा उपाय काढला. "मंग दत्तकपत्र करा. आज करा आन् जुनी तारीख टाका."

तारखेचा भाग मी धिक्कारला. दत्तकाचा मात्र मनात रुतला. धर्मशास्त्रात दान आणि प्रतिग्रह, देणे आणि घेणे, एवढ्याने दत्तविधान सिद्ध होते. ते तर उष्टावणाच्या दिवशी, पन्नास माणसे भात जेवत असताना घडले होते. मग उरले काय? फक्त लिहिणे. आणि लिहिणे हा तर माझा व्यवसाय. त्या दुपारी मी एक निवेदन सिद्ध केले. त्यात कुलवृत्तान्त होता, दानाचा प्रसंग होता, 'औरस' आणि 'दत्तक' यांतील भेदाचे थोडक्यात विवेचन होते, आणि शेवटी 'सबब उक्त अल्पवयीन कन्येच्या परदेशगमनास प्रस्तुत लेखकाची, जो वस्तुतः तिचा पिता होय, कोणतीही हरकत नाही' असे वाक्य होते. वाक्य मला आवडले. मी ते कौशल्येला वाचून दाखवले.

"यात भाऊजींची सही कुठं हाये?" तिने विचारले.

"साक्षीदार म्हणून."

ती काही बोलली नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात तिचे न बोलणे हे माझ्या कोणत्याही ग्रंथापेक्षा अधिक वाचनीय ठरले आहे. पण त्या दिवशी मी घाईत होतो.

रीना ही माझी जुनी विद्यार्थिनी. ती आता वकील आहे आणि नोटरीही. तिच्या कार्यालयात आम्ही पाच जण गेलो: मी, कौशल्या, भैय्यालाल, दुसऱ्या दिवशी खास बोलावून घेतलेली रत्नाबाई, आणि सल्लागार म्हणून कोणी न बोलावलेले चंदन. रीनाने उठून नमस्कार केला, चहा सांगितला आणि साधी संमतीपत्रे पुढे सरकवली. "सर, काका-काकूंनी इथं सही करायची. दोन मिनिटांचं काम आहे."

मी निवेदन तिच्या हातात दिले.

तिने ते वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानावर ती हसत होती. दुसऱ्या पानावर हसू गेले. तिसऱ्यावर तिने चष्मा काढला.

"सर, दत्तक नोंदवलंय कुठे?"

"घडले आहे. नोंदवण्याची आवश्यकता नव्हती."

"मग आता करून घ्यायचं म्हटलं, तरी पोरगी किती वर्षांची?"

"पंधरा पूर्ण झाली हो, दिवाळीच्या आधी," कौशल्या म्हणाली.

रीनाने निवेदन टेबलावर ठेवले. "पंधरा पूर्ण झाल्यावर दत्तक घेता येत नाही, सर. तशी रूढी सिद्ध केली तर वेगळं. पण ते कोर्टात, आणि शुक्रवारपर्यंत तर नक्कीच नाही."

पंधरा वर्षे ती मुलगी माझ्या ताटाशेजारी जेवत होती, आणि त्या पंधरा वर्षांतला कोणताही दिवस चालला असता. वाढदिवसाला आम्ही केक कापला तेव्हा मुदत संपली. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

रीनाने स्वतःला सावरून रत्नाबाईला विचारले, "काकू, पोरगी तुम्ही यांना देऊन टाकली होती का?"

इथे एक अडचण सांगितली पाहिजे. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको मोठ्या दिराशी बोलत नाही, आणि त्याच्यासमोर परक्यांशीही मोकळे बोलत नाही. रत्नाबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि कौशल्येच्या कानात काही सांगितले.

"ती म्हणते, हो बी आन् नाई बी," कौशल्येने जाहीर केले.

"त्यांना बोलू द्या न."

पुन्हा कानात कुजबुज झाली. "ती म्हणते, भासरे बसले हायेत." भासरे म्हणजे मोठे दीर, म्हणजे मी.

"सर, असं पढवून सांगितलेलं चालत नाही," रीना अवघडून म्हणाली. "आणि एक सांगू? तुमच्याच भाषेत सांगते. दत्तक खरं असेल, तर काका बाप नाहीत. मग पासपोर्ट चुकीचा. दत्तक खरं नसेल, तर तुम्ही बाप नाही. मग शाळेचं रेकॉर्ड चुकीचं. दोन्हीकडून फासच."

उभयतःपाशा रज्जू! दोन्ही टोकांना फास असलेला दोर. हे उदाहरण मीच तिला शिकवले होते, आणि त्या वर्षी तिला ते समजले नाही म्हणून मी तिचे गुण कापले होते. आता तिला ते उत्तम समजले होते.

"मग राहू दे ते," चंदन म्हणाले. "फाडा न त्यांचं लिहिलेलं. या दोघांची सही घ्या आन् ठोका शिक्का."

"आता कसा ठोकू, काका? मला माहीत झालं न." तिने निवेदन माझ्याकडे परत सरकवले. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरे वाटले असते. "सर, तुम्ही मला सांगायलाच नको होतं."

बाहेर आल्यावर भैय्यालाल म्हणाला, "दादा, माहं काई चुकलं का जी?"

मी त्याला उत्तर दिले नाही. मला वाटते, हा या प्रकरणातला माझा सर्वांत मोठा असभ्यपणा.

शहाण्या माणसाने इथे थांबावे. मी बुधवारी भंडाऱ्याला गेलो. पासपोर्टचे मूळ जन्मदाखल्यात, तेव्हा मूळच दुरुस्त करावे असा माझा विचार होता. एका कार्यालयात मला दुसऱ्या खिडकीकडे पाठवले, दुसरीने पहिलीकडे, आणि शेवटी दोन्ही खिडक्यांमागे एकच माणूस बसतो असे आढळले. तो जेवून आल्यावर त्याने विचारले, "काय करायचं?"

"जन्मदाखल्यातली दुरुस्ती."

"बापाचं नाव चुकलं का?"

"नाव बरोबर आहे."

"मंग काय चुकलं?"

मला नेमके बोलण्याची सवय आहे. "बाप," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे फार करुणेने पाहिले. मागे उभ्या असलेल्या बाईने आपली पिशवी जवळ घेतली. "काकाजी," तो आवाज खाली आणून म्हणाला, "असे मॅटर घरातल्या घरात मिटवा जी. या वयात कायले?"

मी खुलासा करू लागलो. खुलाशाने त्याची खात्रीच पटली.

परतीच्या एसटीत खिडकीवर थेंब पडू लागले. त्या दिवसांत ते पडायला नको होते. घरी पोहोचलो तेव्हा कौशल्या फोनवर होती. भैय्यालाल आणि रत्नाबाई दोन दिवस आमच्याकडे अडकले, आणि एकोडीत त्यांचा कडपा भिजला. "अर्धा तरी निघन," असे तो म्हणाल्याचे तिने सांगितले. निवेदनाला परिशिष्ट जोडावे की नाही या विवंचनेत मी होतो. ते विचार मी तूर्त बाजूला ठेवले.

मागच्या भिंतीवर चेंडूचा आवाज येत नव्हता.

खुशबू पायरीवर बसली होती. चेंडू मांडीवर. "बाबा," ती म्हणाली, "होईन ना?"

"का होणार नाही?"

"मॅडम म्हणत होत्या, नागपूरची एक पोरगी वेटिंगवर हाये. शुक्रवारी कागद नाई आला तर तिले घेतील." ती चेंडूवरचा चिखल नखाने काढत राहिली. "काकाजींनी सही केली तर नाई का चालत?"

"चालते," मी म्हणालो. "पण त्यात सत्य येत नाही."

तिने मान हलवली. ती अभ्यासू मुलगी आहे, न समजलेल्या गोष्टीलाही मान हलवते.

त्या संध्याकाळी ताट वाढताना कौशल्या एकच वाक्य बोलली. "अजी, पोरगी जाईन का तुमचा मान जाईन, एक कायतरी ठरवा. दोन्ही राहत नाई."

गुरुवारी आम्ही साकोलीला गेलो. तिथे तहसीलच्या आवाराबाहेर टिनाच्या शेडखाली एक वयस्क नोटरी बसतात. त्यांना आमच्याविषयी काही माहीत नव्हते, आणि हीच त्यांची सर्वांत मोठी पात्रता होती. भैय्यालाल आणि रत्नाबाई एकोडीहून आले. खुशबूने शाळेचा गणवेश घातला होता, कारण कागदपत्रांच्या जागी सभ्य दिसावे असे तिला वाटले. मी नेहमीप्रमाणे पुढे झालो.

तेव्हा रत्नाबाई थांबली. तिने पदर सारखा केला, पण पुढे ओढला नाही, आणि माझ्याकडे पाहून स्पष्ट म्हणाली, "तुमी इथंच बसा जी. आमी येतो करून."

लग्न होऊन आल्यापासून ती माझ्याशी प्रथमच बोलली, आणि बोलली ती हे. तिने समोरच्या चहाच्या टपरीच्या बाकाकडे हात केला. मी बसलो. शास्त्रात ज्याला प्रतियोगी म्हणतात, म्हणजे ज्याचा अभाव सांगायचा ती वस्तू, तिला स्वतःला त्या ठिकाणी हजर राहता येत नाही. राहिली तर अभाव सिद्ध होत नाही. माझे नसणे हीच त्या कागदाची पहिली अट होती.

सगळे सुरळीत झाले असते. पण कौशल्येने घाईत उचललेल्या फाइलमध्ये माझे निवेदन तसेच होते. मी ते काढले नव्हते. भैय्यालालने सगळी फाइलच नोटरीपुढे ठेवली. दादाने लिहिलेले आहे म्हणजे उपयोगाचेच असणार, अशी त्याची आयुष्यभराची श्रद्धा.

शेडला भिंती नव्हत्या. आवाज टपरीपर्यंत येत होता.

"हे काय हाये?" नोटरींनी पान उलटले. "वस्तुतः पिता? हे घनश्याम कोन?" मग त्यांनी खुशबूकडे पाहिले. "इकडे ये, बाई. तू सांग. हे कोन तुझे?"

त्यांचे बोट भैय्यालालकडे होते. भैय्यालालने चप्पल पाहायला सुरुवात केली. कौशल्येचा हात रत्नाबाईच्या दंडावर होता की रत्नाबाईचा कौशल्येच्या, हे मला तेवढ्या अंतरावरून कळले नाही.

खुशबूने मान वळवून टपरीकडे पाहिले. माझ्या हातात कप होता. मी काय करायला हवे होते हे मला अजूनही माहीत नाही. मान हलवायला हवी होती, असे आता वाटते. दुकानात पेन्सिल आणायला जातानाही मी ती हलवत असे.

मी कपाकडे पाहिले.

"हे माझे बाबा," ती म्हणाली.

"आन् घनश्याम?"

"ते मोठे बाबा. मी शिकायले असतो त्यांच्याकडे."

उत्तर निर्दोष होते. जेवढे विचारले तेवढेच, एकही शब्द कमी नाही, एकही जास्त नाही. माझ्याकडे शिकलेल्या कोणालाही वर्गात असे उत्तर कधी देता आले नव्हते. तिला कोणी पढवले नव्हते. तिने ते जागच्या जागी घडवले, आणि घडवताना तिचा आवाज कुठेही अडखळला नाही.

"असं म्हना न," नोटरी म्हणाले, आणि शिक्क्याचा आवाज आला.

चहा अजून गरम होता. भैय्यालाल कागद घेऊन माझ्याकडे आला. त्याचे डोळे लाल झाले होते. धूळ गेली, असे तो म्हणाला. "दादा, वाचून पाहा जी. भाषा बरोबर हाये का?"

मी वाचले. एका ओळीत चार चुका होत्या, आणि 'हरकत' हा शब्द तर भलत्याच जागी पडला होता. मी काहीही दुरुस्त केले नाही. "उत्तम आहे," मी म्हणालो. माझ्या लेखनजीवनातला हा एकमेव अभिप्राय, जो मी पूर्ण न वाचता दिला असता तरी चालला असता.

"तुमचंच होतं जी ते," तो म्हणाला. "मी फक्त सही केली."

"धानाचे काय झाले?"

"निघालं थोडं. होत असते जी." त्याने विषय बदलला. माझा भाऊ माझ्यापेक्षा सभ्य आहे. त्याला ते शिकवावे लागले नाही.

येताना एसटीत खुशबू खिडकीशी बसली होती. मी तिच्या शेजारी. एरवी लाखनी येईपर्यंत तिचे दहा प्रश्न विचारून होतात. त्या दिवशी ती बाहेर पाहत होती, आणि मी समोरच्या आसनावरची सूचना पुन्हा पुन्हा वाचत होतो. ती थुंकण्याविषयी होती.

घरी सगळे पूर्ववत झाले, असे म्हणता येईल. भिंतीवर चेंडू वाजू लागला. स्वाती मॅडमनी पेढे आणले. चंदनने गल्लीत सांगितले की दत्तकाची कल्पना त्यांचीच होती आणि ती ऐकली असती तर एवढे झालेच नसते. खुशबू जेवायला हाक मारायला येई तेव्हा माझ्या खोलीच्या दारात उभी राहून "जेवायले चला" म्हणे. पाणी आणून दिले की "घ्या" म्हणे. मी प्रथम लक्ष दिले नाही. मग लक्ष दिले, आणि वाक्याच्या आरंभीच्या त्या एका शब्दाची वाट पाहू लागलो. मुलगी लहान नाही. तिने नोटरीसमोर एक सांगितले होते, आणि घरी दुसरे म्हणताना ते खोटे होईल असे तिला वाटत असावे. सत्याविषयी ही काटेकोरता तिने कोणाकडून उचलली, याचा शोध घेण्याची गरज नाही.

त्या रविवारी, चिवड्याची बशी समोर असताना, मी पेन बंद करून खिशात ठेवले असते आणि म्हटले असते, "भैय्यालालला बोलवा," तर कोणीही तिला काही विचारले नसते. कागदावर एक बाप झाला असता, घरात दुसरा राहिला असता, आणि दोघांची एकमेकांना हरकत नव्हती. मला 'बाबा' हा शब्द कागदावर हवा होता. तो जिथे होता तिथून मी स्वतः उठवला.

नागपूरच्या विमानतळावर आम्ही चौघे होतो. चंदनही होते, पण ते विमानांकडे पाहण्यात गुंतले. संघाच्या मुली निळ्या गणवेशात एकमेकींचे फोटो काढत होत्या. खुशबू कौशल्येच्या पाया पडली, रत्नाबाईच्या, भैय्यालालच्या. भैय्यालालने तिच्या पिशवीत मुरमुऱ्याच्या लाडवांचा डबा कोंबला आणि "तिकडचं खाऊ नको वं, पोट बिघडन," असे बजावले. मग ती माझ्या पाया पडली. काचेच्या दारापर्यंत गेली, आणि तिथे थांबली, जशी आमच्या उंबऱ्यावर थांबते. वळून तिने माझ्याकडे पाहिले. फक्त माझ्याकडे, हे मी साक्षीदारांसह सांगू शकतो.

"जाऊ?" तिने विचारले.

भुईवर घट नाही हे डोळ्यांना दिसते की मागाहून कळते, यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि मीही त्यात भर घातली आहे. आता वादाचे कारण उरले नाही. दिसते. आणि ऐकूही येते.

मी मान हलवली.